स्टँडवरून उतरलेली सायकल

बाजारात तिला सगळे इंजिन म्हणायचे. चिडवायला नाही हं, कौतुकानं. पंधराव्या वर्षी पोरींना काय काय नावं पडतात, त्यात हे चांगलंच म्हणायचं.

तिची आई धारवाली. गल्लोगल्ली सायकल ढकलत हिंडायची आणि सुऱ्या, कात्र्या, विळ्या, जे म्हणाल त्याला धार लावून द्यायची. ती सायकल म्हणजे तिचा कारखानाच होता. हँडलच्या जरा अलीकडे, दांड्यावर, धारेचा गोल दगड बसवलेला आणि मागच्या चाकावरून त्याच्यापर्यंत एक पट्टा आलेला. सायकल भल्यामोठ्या स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पायडल मारायचं, की मागचं चाक हवेत फिरणार आणि त्याच्या जोरावर दगड फिरणार. बारीकसारीक काम आई एकटीच उरकायची. पण शिंप्याची मोठी कात्री नाहीतर खाटकाचा सुरा आला की त्याच्यामागे दोन्ही हात आणि सगळं अंग लावावं लागायचं. मग आई समोर उभी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी सीटवर आमचं इंजिन. दहाव्या वर्षापासून ती पायडल मारत होती. दगडावर उडणाऱ्या ठिणग्यांकडे डोळे लावायचे, ठिणगी लांब गेली की पाय हळू, आखूड झाली की जोरात. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पाच वर्षांत तिनं मारलेलं पायडल रस्त्यावर मारलं असतं, तर पोरगी कुठल्या कुठे पोचली असती. पण सायकल पडली स्टँडवर, त्यामुळे ती पोचली कुठेच नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. या घरात सायकल दोन पिढ्यांची, पण चालवता एकालाही येत नव्हती. आईच्या वडिलांनी, म्हणजे हिच्या आजोबांनी, नियमच घालून दिला होता की सायकल ढकलत न्यायची, वर बसायचं नाही. खड्ड्यात आदळली की दगडाला हादरा बसतो आणि मग तो तिरका फिरून पाती खातो. आजोबांनी ती तीस वर्षं ढकलली. आईनं बावीस वर्षं ढकलली. लोकांना वाटायचं, बाई वेडी आहे का, सायकल असून चालते. आईला लोकांशी काही घेणंदेणं नव्हतं.

मग पुलापलीकडे आईला एक लहानसं दुकान मिळालं आणि दुकानात आलं विजेचं यंत्र. बटण दाबलं की घूं. सायकल घरी येऊन बोळात उभी राहिली. बोळ तो केवढा, एका माणसानं अंग चोरून जावं एवढा. येता-जाता प्रत्येकाच्या नडगीला पायडल लागायचं आणि प्रत्येक जण सायकलच्या नावानं शंख करायचा.

"रविवारी सकाळी आठला भंगारवाला येतोय," सोमवारी जेवताना आईनं जाहीर केलं. "ही अडगळ एकदाची जाऊ दे."

इंजिनचा घास तोंडातच राहिला. "मला पाहिजे ती."

"कशाला? लोणचं घालायला?"

"चालवायला."

आईनं तिच्याकडे बघितलं. "तुला येते?"

"म्हणजे काय? पाच वर्षं चालवतेय की."

यावर आई जी हसली, ती ठसका लागेपर्यंत. इंजिनला मात्र हसण्यासारखं काही दिसेना. त्यांच्या दारातून पूल सरळ दिसायचा, आणि दर रविवारी सकाळी त्या पुलावरून सायकलवाल्यांची एक टोळी तळ्याच्या रस्त्याला जायची. बारीक चाकं, चकचकीत टोप्या. त्यांत एक पिकल्या वेणीची बाई होती, पन्नाशीची तरी असेल, ती सगळ्यात पुढे. त्यांच्या पोटऱ्या बघून इंजिन मनात म्हणायची, माझे पाय यांच्यापेक्षा दणकट आहेत. मी का नाही? हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण महिनाभर, सायकल घरी आल्या दिवसापासून, तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आई हसायची थांबली आणि पाण्याचा घोट घेऊन एकदम हळू आवाजात बोलायला लागली. "हे बघ. माझा खांदा कसा झालाय बघतेस ना? सकाळी केस विंचरताना हात वर जात नाही. ही सायकल घरात राहिली ना, की एक दिवस तूही हिला ढकलत बाहेर पडशील. मला ते नकोय."

"ढकलणार नाही. बसून जाईन."

"बघू की. रविवारी, भंगारवाला यायच्या आत, इथून पूल ओलांडून दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत एकदा जरी ढकललीस, तर मी माझ्या हातानं त्याच्या गाडीवर चढवून देईन. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," इंजिन म्हणाली. तिचे डोळे तेव्हाच भरले होते, पण ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या ती सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेली. तिथपर्यंत ढकलतच नेली, पण करार आजचा नव्हता, रविवारचा होता.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "वय काय हिचं?"

"माझ्या आईपेक्षा मोठी आहे."

"मग हिला मावशी म्हणायला पाहिजे," काका म्हणाले आणि पान्यांचा डबा पुढे ओढला. दगड उतरवला, पट्टा सोडवला. स्टँड काढला तेव्हा दोघांनाही दम लागला, इतकं जड ते लोखंड होतं. चेनला तेल पाजलं, चाकांत हवा भरली. मग काका सायकलभोवती दोनदा फिरले. "ब्रेक कुठायत?"

"स्टँडवरच्या सायकलला ब्रेक कशाला लागतात?"

"तेही खरंच म्हणा." काकांनी भंगाराच्या ढिगात हात घालून एक ब्रेक शोधला आणि मागच्या चाकाला बसवला. "तूर्त एक घे. पुढचा मिळाला की बसवू. आणि मोबदला म्हणून माझी कात्री आणून देतो, तिला धार लाव."

दगड, पट्टा आणि स्टँड घरी टाकून ती गोदामामागच्या पटांगणात आली. तिथे सात-आठ वर्षांची पोरं सायकली दामटत होती. इंजिन सीटवर बसली, एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, आणि पाच वर्षांच्या सवयीनं जो काय दणका दिला, त्यासरशी सायकल सुटली ती थेट वाळूच्या ढिगात. पायात ताकद भरपूर, दिशेच्या नावानं बोंब.

"इंजिन रुळावरून घसरलं," एक पोरगं म्हणालं, आणि बाकीची लोळून हसली.

ती उठली, वाळू झटकली, पुन्हा बसली, पुन्हा पडली. डावीकडे पडली, उजवीकडे पडली, एकदा तर उभ्या उभ्या पडली. पण खरं सांगू का, तिला मजा येत होती. पडण्याच्या आधी दोन-तीन क्षण असे यायचे की दोन्ही पाय वर, खालची जमीन मागे पळतेय आणि कानाला वारा लागतोय. पाच वर्षं पायडल मारून कानाला कधी वारा लागला नव्हता. त्या दोन क्षणांसाठी ती पुन्हा पुन्हा गुडघे फोडून घ्यायला तयार होती. मंगळवारी सात पायडल जमली, बुधवारी अकरा. गुरुवारी मात्र पुन्हा चारावर आली, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चारच्या पुढे गाडी जाईना. आता मध्ये उरला होता फक्त शनिवार.

आई दुकान बंद करून त्याच वाटेनं घरी येत होती. पिशवी खांद्याला लावून ती गोदामाच्या भिंतीशी उभी राहिली. पोरगी तिच्यादेखत तीनदा पडली. आईनं एकदाही अगं अगं केलं नाही. चौथ्यांदा ती पडली तेव्हा आई जवळ आली.

"कुठे बघतेस?"

"समोर."

"खोटं बोलू नकोस. दगडाकडे बघतेस."

"दगड कुठाय आता?"

"दगड काढलास, पण तुझे डोळे अजून तिथंच आहेत." आईनं हँडलच्या अलीकडे, जिथे दगड असायचा तिथे, बोट टेकवलं. "ठिणग्या शोधतेस का तिथे?"

आई म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. पाय फिरायला लागले की तिची मान आपोआप खाली वळायची, ती थेट त्या दांड्यावर.

"तुझं काम वेगळं होतं," आई म्हणाली. "तू पाय सांभाळायचीस, म्हणून तू ठिणग्या बघायचीस. धार मी लावायचे. मी कधी दगडाकडे बघितलंय? दगड कुठे पळून जाणार आहे? मी पात्याचा पुढचा भाग बघते, जिथे दगड अजून पोचलेला नाही. डोळा तिथे ठेवला की हात बरोबर तिथे जातो. दर सुट्टीला समोर बसून एवढंही बघितलं नाहीस होय?" बोलता बोलता तिलाच जाणवलं की आपण भंगारवाल्याच्या विरुद्ध बोलतोय. तिनं पिशवी सावरली. "मला काय. स्वयंपाक पडलाय घरी."

पण ती गेली नाही. जरा लांब जाऊन उभी राहिली.

पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गोदामाचं निळं दार होतं. इंजिननं त्या दाराच्या कडीवर डोळे लावले आणि दणका दिला. मान खाली ओढ घेत होती, तिनं ती वळू दिली नाही. चार पायडल झाली. पाच. अकरा. मग मोजणंच राहून गेलं. दार मोठं मोठं होत आलं, तिनं डोळे दारावरून काढून डावीकडच्या झाडाकडे नेले, आणि काय सांगू तुम्हाला, सायकल वळली. हँडल वळवल्याचं तिला आठवतही नव्हतं. पोरं बाजूला झाली. एक मोठा वळसा, मग दुसरा. तिच्या तोंडातून हसू फुटत होतं आणि ते आवरत नव्हतं. तिला वाटलं, हे इतकं सोपं होतं आणि कुणी मला सांगितलं का नाही, पाच वर्षं? थांबायचं कसं हे मात्र ठरलं नव्हतं. शेवटी ती ओळखीच्या वाळूच्या ढिगातच थांबली.

"हं," आई म्हणाली आणि घरी गेली.

शनिवारी तिनं पटांगण पिंजून काढलं. ब्रेक कळला, वळण कळलं, एका हातानं नाक खाजवणंही जमलं. काका दुकानातून ओरडून सांगत होते, मावशीला जरा दम खाऊ दे. संध्याकाळी तिच्या पोटऱ्या दुखत नव्हत्या, दुखत होती मान, सतत वर धरून.

रविवारी सव्वासातला ती निघाली. आई दारात उभी होती. "पडलीस तर सरळ घरी ये," एवढंच म्हणाली.

रस्ता रिकामा होता. दूधवाल्याची गाडी, एक झाडूवाला, अर्धं शटर उघडून त्याखालून वाकून बाहेर येणारा न्हावी. रोज ज्या रस्त्यानं ती पाय ओढत शाळेला जायची, तो आज सरसर मागे जात होता. न्हाव्यानं कमरेवर हात ठेवून म्हटलं, "इंजिन निघालं की." तिला उत्तर द्यायचं होतं, पण डोळे पुढच्या खांबावर होते आणि तोंड उघडलं तर तोल जाईल अशी धास्ती. पूल आला. चढ सुरू झाला. पाय खुशीत आले, हेच तर त्यांचं काम. मावशी कुरकुरत का होईना, पण चढत होती. माथा अगदी दहा पावलांवर आला आणि खाड करून चेन पडली.

पायडल रिकामं फिरलं आणि ती उतरली. रस्त्याकडेला बसून तिनं चेन चढवली, हात काळे झाले, गालावरही काळं लागलं. मग सीटवर बसून दणका दिला. चढावर सायकल सुरूच होईना. दोनदा केलं, दोन्ही वेळा आडवी. तिनं वर बघितलं. दहा पावलं. फक्त दहा. हातानं ढकलत नेली असती तर मिनिटही लागलं नसतं. पुलावर माणूस नाही, काणूस नाही. कोण बघतंय?

आता मी तुम्हाला सांगतो, तुम्ही-आम्ही असतो तर ढकलली असती. तिच्याही हातांनी हँडल धरलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर आईचा केसांपर्यंत न जाणारा हात आला. याच चढावर, याच दहा पावलांवर, बावीस वर्षं रोज तो खांदा पुढे झुकला असणार. तिनं हँडल सोडून दांडा धरला, सायकल उचलली आणि जागच्या जागी उलटी फिरवून ठेवली. माथ्याकडे पाठ करून ती बसली आणि सगळा चढलेला चढ उतरून पार खाली, पुलाच्या पायथ्याशी गेली. तिथे मोठं वळण घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी जोर होता. मधल्या खांबापर्यंत वेग टिकला, मग ओसरायला लागला. इतक्यात मागून सरसर आवाज आला. तीच टोळी. पिकल्या वेणीची बाई तिच्या बरोबरीला आली, तिनं त्या जुनाट सायकलीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "उभी राहून मार गं." आणि गेलीही. इंजिन सीटवरून उठली. उभ्यानं पायडल मारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं, स्टँडवर तशी गरज पडली नव्हती. सगळं अंग पायडलवर आलं. चेन कण्हली, पण पडली नाही. माथा आला आणि खाली गेला, आणि समोर उतार, नदी, पलीकडचा बाजार, सगळं एकदम उघडं पडलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पायडल थांबवलं आणि तरीही ती पुढे जात राहिली. ती एकटीच मोठमोठ्यानं हसत होती.

दुकानाच्या शटरला हात लावून ती परत फिरली. या बाजूचा चढ उभ्यानंच काढला, आता ती त्यात मुरलेली होती. माथ्यावर मधोमध आई उभी होती.

इंजिननं ब्रेक दाबला. "आठ वाजून गेले?"

"भंगारवाला साडेसातलाच आला मेला."

"आई, मी उतरले होते. चेन पडली म्हणून. पण ढकलली नाही. एक पाऊलही नाही."

"माहितीये," आई म्हणाली. "दारातून पूल दिसतो हे विसरलीस वाटतं. मी आणि भंगारवाला, दोघंही बघत होतो. तो विचारतोय, ताई, पोरगी वरपर्यंत जाऊन खाली कशाला आली? मी म्हटलं, ढकलायचं नाही म्हणून." आईनं मान फिरवली आणि जरा वेळ नदीकडे बघितलं. ती वळली तेव्हा तिचे डोळे ओले होते, ते तिनं लपवले नाहीत. "ढकलायचं नाही असं ठरवावं, इतकं साधं मला बावीस वर्षांत सुचलं नाही गं."

"मग त्याला काय दिलंस?"

"स्टँड दिला. पट्टा दिला. दगड ठेवलाय, तो माझ्या बापाचा आहे." आईनं पदर नाही की रुमाल नाही, सरळ तळहातानं लेकीच्या गालावरचं काळं पुसलं, म्हणजे आणखी पसरवलं. मग तिनं मागच्या कॅरिअरवर हात दाबून बघितला. "हे धरेल का मला?"

"तू बसणार?"

"बावीस वर्षं मी हिला नेलंय. हिनं मला एकदाही नेलं नाही. बघू तरी."

आई कॅरिअरवर बसली, दोन्हीकडे पाय टाकून, दोन्ही हातांनी लेकीचा शर्ट घट्ट धरून. घराच्या बाजूचा उतार होता. इंजिननं पाय उचलला, सायकल हलली, डुगडुगली आणि सरळ झाली. वारा वाढला. शर्टावरची मूठ हळूहळू सैल झाली.

ऊन आडवं होतं आणि पुलाच्या कठड्यावर दोघींची सावली बरोबरीनं पळत होती. इंजिननं नजर जराशी तिकडे नेली. उतारावर तिचे स्वतःचे पाय केव्हाचे थांबले होते. तरी सावलीत दोन पाय फिरत होते, एका चालीत, वरून खाली, खालून वर. मागे आई हवेत पायडल मारत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"बाजूला काय बघतेस?" मागून आई म्हणाली. "पुढे बघ."